सहा बोल्ट, सहा खुणा

१

गाडी लिफ्टवर उंच चढवलेली होती आणि तिच्या पोटाखाली, जिथे तेल सोडायचा बोल्ट असायला हवा होता, तिथे बोट जाईल एवढं भोक होतं.

"बघा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा," मॅनेजर म्हणाला. गाड्यांच्या वर्कशॉपचा हा मॅनेजर पायाच्या बुटापासून गळ्याच्या टायपर्यंत इतका स्वच्छ होता की त्याने शेवटचा पाना कधी हातात धरला असेल हा प्रश्नच पडावा. "बोल्ट गायब. घट्ट केला नव्हता, चालत्या गाडीतून पडला, सगळं तेल वाहून गेलं आणि इंजिन जाम झालं. इतकी महागाची गाडी घ्यायची आणि सर्व्हिसिंग घरी करायचं, म्हणजे दुसरं काय होणार? मी मॅडमना मागेच सांगितलं होतं."

मॅडम म्हणजे आई. वय त्रेसष्ट, उंची बेताची, नजर मात्र समोरच्याला बेताने राहायला लावणारी. तिच्या शेजारी तिची लेक उभी होती, डावा हात प्लास्टरमध्ये. गेल्या गुरुवारी मोठ्या रस्त्यावर ही गाडी लेकच चालवत होती. समोर तेलाचा लाल दिवा लागला, इंजिन जाम झालं, गाडी जागच्या जागी अडली आणि मागून येणारा टेम्पो आदळला. लेकीचा हात मोडला. मागच्या सीटवर तिची सहा वर्षांची मुलगी होती. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण तेव्हापासून ती झोपेत दचकून उठत होती.

मॅनेजरने कागद पुढे केला. 'घरी केलेल्या देखभालीत माझ्याकडून झालेल्या हलगर्जीपणामुळे इंजिन निकामी झाले, हे मला मान्य आहे.' खाली सहीसाठी रेघ.

"सही केलीत तर कंपनी माणुसकी म्हणून निम्म्या किमतीत नवं इंजिन देईल. शुक्रवारी दुपारपर्यंत. नाहीतर मग तुम्ही आणि तुमची गाडी."

आईने कागदाकडे पाहिलंच नाही. पर्समधून छोटी बॅटरी काढून ती त्या भोकाखाली गेली, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "या बोल्टला मी चार वर्षांत एकदाही हात लावलेला नाही."

"सगळे असंच म्हणतात," मॅनेजर हसला.

लेकीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. आईचा राग आला, मॅनेजरचाही आला, पण टेम्पो आदळला तेव्हाची मागच्या सीटवरच्या मुलीची किंकाळी कानातून जात नव्हती. ती म्हणाली, "आई, सही करून टाक."

आईने लेकीकडे मान वळवली. तिच्या तोंडावर असा भाव लेकीने आजवर पाहिला नव्हता.

२

आईने ही गाडी निवृत्त झाल्यावर, स्वतःच्या साठवणीतून घेतली होती. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून उभं राहून काढली, आता बसून जायचं ते ऐटीत जायचं, असं तिचं म्हणणं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. वर्षभराने शोरूमवाल्यांनी न बदललेला भाग बदलला म्हणून सांगितल्याचं तिच्या लक्षात आलं, आणि त्या दिवसापासून तिने गाडीची किल्ली त्यांच्या हातात द्यायची बंद केली. जाडजूड माहितीपुस्तक आणलं, चष्मा लावला आणि स्वतः शिकली. नातेवाइकांनी उरलीसुरली नाकंही मुरडून घेतली.

गॅरेजमध्ये शिरल्यावर लेक म्हणाली, "खरं सांग. मी रागावणार नाही."

"तू रागावलेलीच आहेस." आईने कपाट उघडलं. "तेल काढायला गाडीखाली झोपावं लागतं असं त्या टायवाल्याला वाटतं. माझे गुडघे कुठे झोपू देतात मला? हे बघ."

तो हाताने दाबायचा एक पंप होता, लांब बारीक नळीचा. तेल मापायची पट्टी काढायची, त्या जागी वरून नळी सोडायची आणि तेल शोषून घ्यायचं. थिएटरमध्ये तिने आयुष्यभर हेच केलं होतं, फक्त तिथे गाडी नव्हती. खालचा बोल्ट उघडायचं कारणच नव्हतं.

"आणि तेलाची गाळणी?"

"तीही वरूनच निघते." आईने वही उघडली. काढलेला प्रत्येक स्क्रू, बसवलेला प्रत्येक स्क्रू, दोन्हीकडे आकडा, खाली सही. नव्या गाळणीच्या कडेवर मार्करने तारीख. शेवटची नोंद महिन्यापूर्वीची होती. "पोट शिवण्याआधी मोजायचं. जितकं आत गेलं तितकं बाहेर आलं पाहिजे. एकतीस वर्षांत माझ्या मोजणीत एक बोळासुद्धा कुणाच्या पोटात राहिला नाही."

लेक भूमितीची शिक्षिका होती. वही सुंदर होती, पण वहीत आपण लिहू ते उमटतं, हे तिला विद्यार्थ्यांनी चांगलं शिकवलं होतं.

"आई, ही वही तुझी. पंप तुझा. तू म्हणतेस म्हणून मी मानायचं? मागे माझी पोर होती गं!"

"होती. माझी नात होती. म्हणूनच मी सही करणार नाही." आईचा आवाज चढला नाही, पण हात वहीवर घट्ट दाबला गेला. "या हातांनी तुम्हा दोघींना रस्त्यावर मरायला सोडलं, असं मी लिहून देऊ? मी नाही देणार. बोल्ट मी काढला नाही, म्हणजे कुणीतरी काढला. अपघाताच्या आधीच्या सोमवारी गाडी कुठे होती?"

त्या सोमवारी गाडी त्याच वर्कशॉपमध्ये होती. एअरबॅगमधला एक भाग सदोष निघाला म्हणून कंपनीने त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम घरी होण्यासारखं नव्हतं, म्हणून आईने नाइलाजाने गाडी दिली होती. संध्याकाळी लेक ती तिथूनच परस्पर घेऊन गेली, सुट्टीत वापरायला.

लेकीने मॅनेजरचा अहवाल पुन्हा काढला. आता तिला शिक्षिकेची खोड स्वस्थ बसू देईना. तळाशी वेळ छापलेली होती: गुरुवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. ती थबकली. टो करणारा ट्रक गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये दोन वाजता पोचला होता, त्याची पावती तिच्याच पर्समध्ये होती.

"आई, गाडी तिथे पोचण्याआधीच याने लिहून ठेवलंय की बोल्ट नाही. याला कसं कळलं?"

३

"फोनवर कळलं," दुसऱ्या दिवशी मॅनेजर जराही न अडखळता म्हणाला. "टोवाल्याने गाडी उचलताना खालून बघितलं आणि मला कळवलं. विचारा त्याला."

लेकीने तिथल्या तिथे फोन लावून विचारलं. टोवाला म्हणाला, हो, मीच सांगितलं, तेव्हा अकरा-साडेअकरा झाले असतील. लेकीचा हिरमोड झाला. आईचा झाला नाही.

"म्हणजे गाडी न बघताच तुम्ही लिहिलंत की चूक माझी."

"गाडी तुम्हीच सर्व्हिस करता, हे अख्ख्या वर्कशॉपला माहीत आहे. मग अजून काय बघायचं?"

"तेच म्हणते मी," आई म्हणाली. "सोमवारी माझ्या गाडीजवळ जे होते त्यांना मला भेटायचंय. मग सहीचं बघू."

सहीचं नाव काढताच मॅनेजर नरमला. तसं लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंही. एअरबॅगचं काम कंपनीच्या माणसाने सकाळीच, अंगणात, नंबर प्लेट बघून केलं होतं. स्टिअरिंगपाशी बसून, अर्ध्या तासात. मग गाडी अंगणातच उभी. त्या दिवशी तेल बदलायच्या गाड्या सहा होत्या. सहा कार्डं, स्टोअरमधून निघालेल्या सहा गाळण्या, घट्ट केलेले सहा बोल्ट. त्याने कार्डांची चळत टेबलावर आपटली. "एक जरी गाळणी जास्त निघाली असती, तर मी तुमच्या पाया पडलो असतो."

आईने कार्डं मोजली. सहाच होती.

पहिला भेटला तेल बदलणारा. त्याला सगळे उस्ताद म्हणत. मिशी पांढरी, हात काळे, आणि स्वतःबद्दलचं मत फार चांगलं. आईने मागे एकदा चारचौघांत त्याची चूक दाखवली होती, ती तो विसरला नव्हता.

"तुमच्या गाडीला मी कशाला हात लावू, सिस्टर? तुम्ही स्वतःच उस्ताद!"

"कुठली गाडी घ्यायची हे कसं कळतं तुम्हाला? कार्ड वाचता?"

"कार्डावरची अक्षरं मुंगीएवढी. काउंटरवरून हाक येते, 'उस्ताद, राखाडी, तिसरी रांग!' की मी आणली. तेल सोडायचं, गाळणी बदलायची, बोल्ट नुसता हाताने बसवायचा, तेल भरायचं, बाहेर. पान्याने आवळणं माझं काम नाही. ते पिवळ्याचं. नियमच आहे तसा. एकाने बसवायचं, दुसऱ्याने आवळायचं, म्हणजे चूक होत नाही."

"कधीच आवळत नाही तुम्ही?"

"तीस वर्षांत नाही. दुसऱ्याच्या कामात मी हात घालत नाही." तो जरा खुलला. "पण तेल बघून मालक ओळखतो. त्या दिवशी एक तेल असं निघालं, मधासारखं! सहाही गाड्यांची मुदत उलटून गेलेली, आणि याचं तेल मात्र स्वच्छ. काय जपून चालवतात काही लोक."

पिवळ्या म्हणजे तपासणारा. काटकुळा, घाईचा, खिशाला पिवळ्या रंगाचं जाड पेन. तेलाच्या गाड्या एकेक करून तो आपल्या लिफ्टवर घेई, बोल्ट आवळी आणि त्यावर पिवळी रेघ ओढी.

"मी कार्ड आणि नंबर प्लेट ताडून बघतो, बाई. एकही आकडा चुकवत नाही. तुमच्या कार्डावर तेल नव्हतं, म्हणून तुमची गाडी मी वर घेतलीच नाही. ज्या सहांवर होतं, त्या सहाही आवळल्या. हा बघा माझा पाना, पुरेसं आवळलं की टक् वाजतो."

"सहाही वेळा आवळायला लागलं?"

"पाच वेळा. एकाला पाना लावला नि टक्! आधीच घट्ट. म्हटलं, आज उस्तादाला माझी दया आली वाटतं."

लेकीच्या कपाळाला आठी पडली. हे दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. उस्ताद म्हणतो कधी आवळत नाही, पिवळ्या म्हणतो एक आवळलेला होता. कोण खोटं बोलतंय?

तिने आईच्या कानाशी तसं म्हटलं. आई मात्र कार्डांची चळत हातात घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा बघता बघता उजळत होता.

"कुणीच नाही," आई म्हणाली. "दोघंही खरं बोलतायत. तिथेच तर सगळं फसलं."

४

"माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी," रस्त्यावर आल्यावर आईने सुरुवात केली, "एकदा गुडघ्याचं ऑपरेशन चुकलं. डाव्याऐवजी उजव्या गुडघ्यावर नाही, तर भलत्याच माणसाच्या गुडघ्यावर झालं. शेजारशेजारच्या खाटा, एकाच वयाचे, एकाच गावचे दोघं. नेणारा खाट बघून घेऊन गेला, तपासणारा कागद बघून तपासत राहिला. आणि मोजणी? अगदी चोख! आत गेलेलं प्रत्येक हत्यार बाहेर आलं होतं. सगळे आकडे जुळले म्हणून संध्याकाळपर्यंत कुणाला संशयही आला नाही."

लेक चालता चालता थांबली. डोक्यात आकृती पुरी होत होती. "राखाडी गाडी. तिसरी रांग."

"पिवळ्याला विचार, सोमवारी माझ्यासारखी दुसरी होती का."

लेक धावत परत गेली आणि धापा टाकत आली. "होती. अगदी जुळी. एका दाताच्या डॉक्टरांची, तेल बदलायला आलेली. तुझ्या शेजारीच उभी होती!"

"मग शुक्रवारी त्या डॉक्टरांना गाडी घेऊन बोलव. काय वाट्टेल ते सांग, पण आण."

लेकीने काही सजवून सांगितलं नाही. 'तुम्ही ज्याचे पैसे दिलेत ते काम तुमच्या गाडीवर झालेलंच नाही, असं आम्हाला वाटतं,' एवढंच म्हणाली. डॉक्टर म्हणाले, येतो. आता कुणाच्या दातांत कळ येणार, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

मात्र त्या रात्री लेकीला एक गोष्ट छळत राहिली. तर्क सुरेख होता, पण तर्कच होता. डॉक्टरांच्या गाडीत नवं तेल निघालं तर? मग आई मॅनेजरसमोर उघडी पडणार, आणि आपण पुन्हा तिथेच. तिने आईला फोन करून म्हटलं, "आधी गुपचूप बघून घेऊ या का?"

"नाही," आई म्हणाली. "सगळ्यांसमोर. चूक निघाली तर मी तिथेच सही करीन."

५

शुक्रवारी बाराला वर्कशॉपच्या अंगणात दोन राखाडी गाड्या होत्या. एक जखमी, एक धडधाकट. मॅनेजर कागद आणि पेन घेऊन आला होता. उस्ताद, पिवळ्या आणि काउंटरवरची माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली होती.

"मी आधी सांगते, मग तुम्ही उघडा," आई म्हणाली. "उघडल्यावर सांगायला अक्कल लागत नाही. सोमवारी उस्तादांना डॉक्टरांची गाडी आणायची होती. त्यांनी रंग आणि रांग बघून माझी आणली. म्हणून मधासारखं तेल निघालं. ते डॉक्टरांचं नव्हतं, मी महिन्यापूर्वी भरलेलं माझं होतं. त्यांनी नियमाप्रमाणे बोल्ट नुसता हाताने बसवला आणि गाडी बाहेर काढली. मग पिवळ्या आला. तो नंबर बघतो, म्हणून त्याने बरोबर डॉक्टरांची गाडी वर घेतली. तिचा बोल्ट त्या दिवशी कुणी उघडलेलाच नव्हता, म्हणून पाना लावताच टक् वाजलं. त्याने रेघ ओढली. सहा कार्डं, सहा गाळण्या, सहा खुणा, सगळं जुळलं. आणि माझा बोल्ट न आवळलेला राहिला. एकाने बसवायचं, दुसऱ्याने आवळायचं, आणि दोघांची गाडी वेगवेगळी."

आईने दोन बोटं वर केली.

"हे खरं असेल तर दोन गोष्टी निघतील. डॉक्टरांच्या गाडीत, अकरा दिवसांपूर्वी सर्व्हिस होऊनही, काळंकुट्ट तेल. आणि माझ्या गाडीत मी तारीख न घातलेली गाळणी. एक जरी खोटी ठरली तर द्या तो कागद."

"हा तमाशा आहे," मॅनेजर म्हणाला. "गाडी कंपनीच्या संमतीशिवाय..."

"माझी तर उघडता येईल ना?" डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच बॉनेट वर केलं.

पट्टी लेकीने ओढली, उजव्या हाताने. पांढऱ्या टिशूवर टेकवली. डांबर असावं असा डाग उमटला. डॉक्टरांनी तो टिशू मॅनेजरच्या नाकासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला.

आता उस्ताद पुढे झाला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याने आईच्या गाडीचं बॉनेट उघडलं, गाळणीचं झाकण फिरवलं, गाळणी बाहेर काढली आणि कडेने सावकाश फिरवून पाहिली. तारीख नव्हती. होता तो स्टोअरचा शिक्का, सोमवारचा. उस्तादाने ती आईपुढे धरली.

"सिस्टर, माझ्याच हातून झालं हे. पोरगी होती म्हणे गाडीत..."

"होती," आई म्हणाली. "चूक तुमच्याकडून झाली, टक् वाजल्यावर का म्हणून न विचारणाऱ्या पिवळ्याकडूनही झाली, आणि उद्या माझ्याकडूनही होईल. माणसं आहोत आपण. तुम्ही निदान गाळणी हातात घेऊन बघितलीत." मग ती मॅनेजरकडे वळली. "तुमच्याकडे मात्र आठ दिवस होते, साहेब. हे झाकण उघडायला दोन मिनिटं लागली. तुम्ही उघडलं नाहीत, कारण घरी काम करणारी बाई समोर होती आणि तुम्हाला तेवढं पुरलं. सर्व्हिसिंग तुमच्या काचेच्या इमारतीत झालं की घरच्या गॅरेजमध्ये, याने काही ठरत नाही. बघितलं की नाही, याने ठरतं."

मॅनेजर टायची गाठ चाचपत राहिला. शेवटी म्हणाला की नवं इंजिन कंपनीच्या खर्चाने बसेल, दवाखान्याचा खर्चही मिळेल, शिवाय पाच वर्षं सर्व्हिसिंग मोफत.

"इंजिन बसवा, ते माझ्या हक्काचं आहे. दवाखान्याचं लेकीला द्या. आणि तुमचं सर्व्हिसिंग तुम्हालाच लखलाभ." आईने त्याच्या हातातला कागद काढून घेतला, 'माझ्याकडून'वर काट मारून वर 'आमच्याकडून' लिहिलं, 'घरी'वर काट मारून 'वर्कशॉपमध्ये' लिहिलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं. "करा सही."

सगळे बघत होते. डॉक्टर अजून टिशू धरून उभे होते. मॅनेजरने सही केली.

बाहेर टॅक्सीची वाट बघताना लेक आईजवळ सरकली. आईला मिठी मारावी तर एक हात प्लास्टरमध्ये, आणि दुसऱ्याला तेल लागलेलं. "आई, मी चुकले. आता माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे."

"कधीपासून?"

 खोटं बोलणं सोपं होतं, आणि आईने ते बहुधा चालवूनही घेतलं असतं. "गाळणी बाहेर आली तेव्हापासून," ती म्हणाली.

आईने मान हलवली. डोळे भरून आले होते, ते तिने पुसले नाहीत आणि लपवलेही नाहीत. "खरं बोललीस, हे बरं केलंस. पण लागलं मात्र गं. परक्यांना पुरावा द्यायला मला मजा आली. तुला द्यावा लागला, ते नाही आवडलं."

टॅक्सी येऊन थांबली. लेकीने दार उघडलं, पण आत न बसता तशीच उभी राहिली. "मग आता मी काय करू?"

"उद्या पोरीला माझ्याकडे पाठव," आई म्हणाली, "आणि कुठे नेणार, काय करणार, मला काही विचारू नकोस."

लेकीने होकारासाठी तोंड उघडलं. पहिला शब्द यायला क्षणभर वेळ लागला. तो क्षण आईने मोजला, लेकीलाही ते दिसलं.

"पाठवते," लेक म्हणाली.